दोन माणसांचं भाडं

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान म्हणाला, "आजी, तुम्ही पोलीस, लोकांना एवढं विचारत काय बसायचात? फोन उघडून बघायचा. त्यात सगळं असतं." मी हसून विषय बदलला. सई, ते तुझ्या लक्षात आलं. "आजीने उत्तरच दिलं नाही," तू म्हणालीस. बरोबर होतं तुझं. उत्तर कॉलवर देण्यासारखं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून तुम्ही दोघं टोरांटोत खिशात फोन घेऊन एकटे बसने शाळेत जाणार, म्हणून ते आताच लिहून ठेवते. कोणाचंही नाव लिहिणार नाही. ती सवय खात्यातली आहे आणि मोडायचं कारण दिसत नाही.

मी चौतीस वर्षं नोकरी केली. त्या काळातल्या पुष्कळ केसेस आता धूसर झाल्या आहेत. जी एक झाली नाही, ती माझ्या नोकरीतली नाहीच. तिचा एक कागदही माझ्याकडे नाही. निवृत्तीनंतर, जपानमध्ये, तुमच्या आत्याच्या एदोगावा वॉर्डातल्या घरी मी तीन महिन्यांसाठी गेले होते, तेव्हाची ती गोष्ट.

आत्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पुण्याच्या एका कंपनीतला इंजिनिअर राहत होता. वय पस्तिशीचं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी गेली होती, म्हणून त्याने आईला बोलावून घेतलं होतं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सकाळी आम्ही दोघी बरोबर फिरायला जायचो. बोलणं खणखणीत, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. "तुमची मुलगी कितव्या मजल्यावर राहते हो?" मी रोज सहाव्या म्हणून सांगायचे. "कालच विचारलं होतं ना मी? आता मलाच पट्टी मारायला हवी हातावर," असं म्हणून स्वतःच हसायच्या. त्यांचा विसरभोळेपणा वाढतो आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्या मुलाच्याही आलं असणार.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तो आमच्या दारात उभा राहिला.

"काकू, आई तुमच्याकडे आली आहे का?"

नव्हती. त्याने सांगितलं ते असं: दुपारी तो आंघोळीला गेला, बाहेर आला तर दार उघडं, आईचे बूट नाहीत, आईचा फोन चार्जिंगला लावलेला. दोन-तीन तास इमारतीच्या आसपास शोधलं.

आत्याला जपानी उत्तम येतं. आम्ही तिघं कोबानमध्ये, म्हणजे जपानमधल्या छोट्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने फॉर्म घेतला आणि उंची, बांधा, अंगावरचे कपडे, पायातलं, शेवटचं कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता, हे सगळं विचारलं. मिसिंगची तक्रार घेताना आम्ही ठाण्यात जे विचारायचो तेच, जवळजवळ त्याच क्रमाने. आत्याने त्याला मी कोण ते सांगितलं, तर तो उभा राहून वाकला. मग त्याने नकाशा काढला आणि आमच्या इमारतीभोवती पेन्सिलने एक वर्तुळ मारलं. पायी चालणारी वृद्ध बाई एवढ्या वेळात एवढीच जाईल, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. इमारतीच्या दाराशी कॅमेरा होता, पण त्याची किल्ली ज्या कचेरीत ती सोमवारी उघडणार होती.

वॉर्डाच्या भोंग्यांवरून घोषणा झाली. आपल्या लोकांच्या ग्रुपवर निरोप गेला आणि वीसेक जण विजेऱ्या घेऊन खाली जमले. नदीकाठ, बाग, देवळाचं आवार, दुकानांच्या मागच्या सायकली ठेवायच्या जागा, सगळं पालथं घातलं. एक गृहस्थ मला म्हणाले, "काकू, इथले पोलीस फारच गोड बोलतात हो. तुमच्याकडचे दोन रट्टे दिल्याशिवाय कोणी काही सांगत नाही."

"रट्ट्याने माणूस आपल्याला हवं ते सांगतो," मी म्हटलं. "झालेलं सांगेलच असं नाही."

हे मी मोठ्या ऐटीत बोलले. पण जे करायला हवं होतं ते मात्र केलं नाही.

साडेसातला तो मुलगा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याचे कान लालभडक होते, ओठ फुटून रक्त आलं होतं. खुल्या वाऱ्यात चार-पाच तास उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा असा होतो. बंदोबस्तावरून आलेल्या शिपायांचे असे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. इमारतींच्या आडोशाने फिरून असं होत नाही. ते मला दिसलं. ठाण्यात असते तर त्याच क्षणी त्याला वेगळं बसवलं असतं. हरवलेल्या माणसाला ज्याने शेवटचं पाहिलं, त्याचा जबाब सगळ्यात आधी, एकट्याचा आणि सविस्तर घ्यायचा, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. पण हा आपला मुलगा होता. दिवाळीला आमच्याकडे फराळाला आलेला, मला काकू म्हणणारा. परक्या देशात आपल्याच माणसाला संशयिताच्या खुर्चीत कसं बसवायचं? मी त्याच्यापुढे चहा आणि पोळीभाजी ठेवली. म्हटलं, "खा बाळा. सापडतील."

त्या रात्री पारा शून्याखाली गेला.

रविवारी सकाळी आठला तो अधिकारी आत्याकडे आला. मुलालाही बोलावून घेतलं. त्याने आत्यामार्फत विचारलं, बाई बसने कुठे जाऊ शकतील का? प्रश्न पुरा व्हायच्या आत मुलगा "नाही, नाही" म्हणाला. मी अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मी बोलू का? त्याने मान हलवली. मी खुर्ची ओढून मुलाच्या समोर बसले.

"आईंना बसची सवय नाही?"

"एकटीला नाही, काकू. तिला जमतच नाही ते."

"मग बरोबर असताना भाडं कोण देतं?"

"मीच. फोनने."

"दोघांचं एकाच फोनने? ते कसं बाबा?"

माणसाला जे नीट येतं ते समजावून सांगायला त्याला आवडतं. तेवढ्यापुरता तो सैल होतो. तोही झाला. "चढताना पुढच्या दाराशीच मशीन असतं ना, तिथे टेकवायच्या आधी ड्रायव्हरला सांगायचं, 'फुतारी', म्हणजे दोघं. तो बटण दाबतो, मग फोन टेकवायचा. एकदम चारशे वीस येन जातात."

"आणि न सांगता टेकवला तर?"

"मग एकाचेच, दोनशे दहा."

"मला तर मुलगी अजून सुट्टी नाणीच देते. फोनमध्ये ते कसं दिसतं? दाखव बरं."

त्याचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "आत्ता?"

"आत्ता."

फोन बाहेर आला, पण त्याने तो टेबलावर पालथा ठेवला. कालपासून तो फोन त्याच्या तळहाताला चिकटलेला होता. दर मिनिटाला त्यात बघत होता. "बॅटरी कमी आहे, काकू."

"मुलगी चार्जर आणेल."

आमचं एक अक्षरही अधिकाऱ्याला कळत नव्हतं. तरी त्याने पेन खाली ठेवलं होतं. आत्या चार्जर आणायला उठली नाही. मग मुलानेच फोन सुलटा केला, उघडला आणि माझ्याकडे सरकवला.

शनिवारच्या तारखेला दोन ओळी होत्या. चारशे वीस. त्याच्यावर, नंतरची, दोनशे दहा. ईशान, तू म्हणतोस ते फोनमध्ये एवढं होतं. 'बस' हा शब्द, आणि आकडा. कोणता मार्ग, कोणता थांबा, काही नाही. बस कंपनीकडे विचारणा करायला आणि त्यांचं उत्तर यायला आणखी वेळ गेला असता.

मी विचारलं, "जाताना दोघं होतात. येताना एकटाच. कुठे सोडलंस तिला?"

"सोडलं नाही हो काकू!" तो ओरडला, आणि मग सगळं सांगितलं.

समुद्राकाठच्या मोठ्या बागेत आईला फिरवायला नेलं होतं. बसमध्ये आईने तीनदा मोठ्याने विचारलं, "अरे, गॅस बंद केलास ना?" सगळी बस शांत, माणसं वळून बघायला लागली. त्याला लाज वाटली, तो तिच्यावर खेकसला. बागेत ऑफिसचा फोन आला. आई मध्ये मध्ये बोलते म्हणून तिला बाकावर बसवलं आणि तो लांब गेला. चाळीस मिनिटांनी परतला तर बाक रिकामा. अंधार पडायला लागेपर्यंत एकट्याने शोधलं आणि घरी आला.

"आणि कोबानमध्ये खोटं का सांगितलंस?"

"ताईने आधीच बजावलं होतं. आईला नेऊ नकोस, तू दिवसभर लॅपटॉपमध्ये असतोस, ती तुला झेपणार नाही. मी तिला काय सांगणार होतो? बाकावर ठेवून फोन घ्यायला गेलो? म्हटलं, कोणीतरी आणून सोडेल घरी. इथे हरवलेली छत्रीसुद्धा परत मिळते, काकू."

आत्याने हे सगळं जपानीत सांगितलं. अधिकाऱ्याने फक्त बागेचं नाव पुन्हा विचारून घेतलं, उभा राहिला आणि बोलत बोलतच जिना उतरला. ती बाग पेन्सिलच्या वर्तुळाच्या बरीच बाहेर होती.

दुपारी दोनच्या सुमारास बाई सापडल्या. बागेच्या टोकाला एका बंद शेडच्या मागे, बोरूच्या झाडीत. बाकापासून अंतर फार नव्हतं. पायातले बूट काढून जोडीने ठेवलेले होते, आपण घरात शिरताना दाराशी ठेवतो तसे. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की पहाटेपर्यंत जीव होता.

ते वाक्य आत्याला भाषांतर करून सांगावं लागलं. मुलाला नव्हे, मला. मुलाला जपानी येत होतं.

त्याचा दुसरा जबाब झाला. अधिकारी आवाज न चढवता दोन तास विचारत होता. घातपात नाही अशी खात्री झाल्यावर प्रकरण बंद झालं. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याला समज देण्यात आली. कायद्याचं काम तिथे संपलं.

बाळांनो, आता तुम्हाला सांगायचं ते. खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. बहुतेकांना शिक्षेची भीती होती असं मी मानत आले. ते अर्धंच खरं आहे. आपल्यासारख्या घरांतली माणसं तुरुंगाला जेवढी भितात त्याहून जास्त बहिणीच्या एका वाक्याला भितात. त्या भीतीपोटी त्याने आईला वर्तुळाबाहेर ठेवलं. आणि मी? मला तर कोणाचीही भीती नव्हती. मला फक्त वाईट दिसायचं नव्हतं. तो पुरावा रात्रभर माझ्यापासून दोन मजले खाली, त्याच्या खिशात होता. साडेसातला विचारलं असतं तर आठला शोध बागेत सुरू झाला असता. हे मी स्वतःला बोचावं म्हणून लिहीत नाही. ते तसं आहे, म्हणून लिहिते. तेव्हा, ईशान, फोन बघावाच. पण तो उघडायला लावणारा प्रश्न माणसाला विचारावा लागतो, आणि वेळेवर विचारावा लागतो. तुमच्यापैकी कोणाच्या हातून कधी काही चुकलं तर पहिल्या तासात सांगा. आम्ही रागावू. रागावणं संपतं.

तिसऱ्या दिवशी त्याची बहीण पुण्याहून आली. तिलाही आंघोळीचीच गोष्ट कळवली होती. दहनानंतर अस्थी घेऊन ती निघणार होती. विमानतळावर जायच्या आधी मी त्याला जिन्यात गाठलं.

"ताईला सांगितलंस?"

"काकू, आता काय उपयोग? पोलिसांना सांगितलं ना."

"पोलिसांची आई नव्हती ती. कलश तिच्या हातात द्यायच्या आधी सांग. नाहीतर मी सांगेन, आणि ते वाईट होईल."

तो आत गेला, दार लावून घेतलं. मी जिन्यातच थांबले. आतून तिचा आवाज आला, खूप मोठ्याने, एकदाच. "अरे, मग मला तेव्हाच फोन का नाही केलास?"

त्या दिवशी ती त्याच्याशी आणखी काही न बोलता गेली. पुढे दोन महिने बोलली नाही. मग त्याला मुलगी झाली, आणि सांगलीच्या हॉस्पिटलमधून त्याला पहिला फोन बहिणीनेच केला. त्याने नंतर जपान सोडलं. आता तो पुण्यात, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो. बहीण-भाऊ भांडतात, त्या शनिवारचा विषय निघाला की जेवण टाकून उठतात, आणि पुन्हा बोलतात. एवढं शाबूत आहे.

तुमची,
आजी