ग्राफअण्णांचा डोंगर

ग्राफअण्णांना कुठलीही वस्तू एकाच बाजूने बघून चैन पडत नसे. कॅन्टीनची इडलीसुद्धा बशी फिरवून चहूकडून न्याहाळल्याशिवाय ते चमचा लावत नसत. बेळगावच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवत, आणि हे नाव त्यांना पोरांनी दिलं होतं. मी त्या विभागात नवी लागले तेव्हा ते मला प्राचार्यांसमोरही 'पोरी' म्हणायचे. आधी राग यायचा, मग कुणी 'मॅडम' म्हटलं की परकं वाटायला लागलं.

त्यांच्या कॉम्प्युटरवर एक साधासुधा प्रोग्रॅम होता. करडी खिडकी आणि तीत एक चौकट. लांबी, रुंदी, उंचीच्या आकड्यांचे तीन रकाने दिले की त्यात चढउतारांचं चित्र उभं राही आणि माउसने ते हवं तसं फिरवता येई. बाकी त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. मी हौसेने नवा, रंगीबेरंगी प्रोग्रॅम घालून दिला. अण्णांनी तोंडभर कौतुक केलं आणि पुन्हा जुनाच उघडला.

वर्गात कुणी घाईने उत्तर दिलं की ते म्हणायचे, "हितनं चढ दिसतोय व्हय? जरा फिरव, मग उतार दिसंल." पोरं फिरवायची आणि खरंच उतार दिसायचा. हे शहाणपण मात्र गणितापुरतंच होतं. धाकट्या भावाचं, मारुतीचं नाव निघालं की अण्णा एका जागेवरून तसूभर हलत नसत.

बेळगुंदीला दोघांचं शेत, वडिलांमागे मधे बांध घालून वाटलेलं. पावसाचं पाणी पूर्वीपासून मारुतीच्या शेताच्या अंगाने बाहेर जायचं. त्याने आपल्या बाजूला माती टाकून जमीन उंच केली, त्यामुळे पाणी माझ्या शेतात तुंबतं आणि भाताच्या रोपांचा तरवा कुजतो, असं अण्णांचं म्हणणं. एक बुट्टी माती टाकली नाही, असं मारुतीचं. दोघांचं बोलणं बंद झालं आणि अण्णांनी वकील गाठला.

पुरावा म्हणून अण्णांनी भर उन्हात सगळं शेत मोजलं. पातळी बघायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली नळी घेऊन एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. आकडे प्रोग्रॅमला दिल्यावर मारुतीच्या बाजूला हा एवढा डोंगर उभा राहिला. अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. कोर्टात जाण्याआधी एकदा भावाला दाखव, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, हट्ट धरला. मग रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून, लॅपटॉप पोटाशी धरून अण्णा आक्काच्या घरी आले.

डोंगर बघून मारुतीचा चेहरा पडला. अण्णा चित्र फिरवून फिरवून दाखवत होते आणि मधेच त्यांचा हात थांबला. हा प्रोग्रॅम उंची चौकटभर ताणून दाखवतो, तेव्हा तिन्ही मापं सारखी केल्याशिवाय उंचीबद्दल बोलू नका, हे ते दर वर्षी पहिल्या वर्गात घसा फोडून सांगत. रागाच्या भरात नेमकं तेच राहून गेलं होतं. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, घरात दुसऱ्या कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. गप्प बसले असते तर जिंकले असते. अण्णांनी कुणी न सांगता मापं सारखी केली. डोंगर खाली बसला आणि शेत भाकरीसारखं सपाट झालं.

"चार बोटं," अण्णा म्हणाले. "चार बोटांपायी कोर्टात निघालतो मी."

मारुतीने पडद्यावर बांधापलीकडे बोट ठेवलं. मग म्हणाला, "खरं ती चार बोटं मीच टाकल्याली, अण्णा. उद्या काढतो."

आक्काने दोघांनाही शिव्या घातल्या आणि एकाच पंगतीला जेवायला बसवलं. अण्णांबद्दल मला आदर होताच, पण त्या दिवसापासून माया वाटायला लागली. त्यानंतर सुट्टीला दोघे भाऊ बांधावर बसून चहा पिताना दिसत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दिवसकार्य उरकल्यावर मारुती कॉलेजात आला आणि दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. शेत बघायचं म्हणाला. मी जुना प्रोग्रॅम उघडून सपाट शेत समोर ठेवलं.

त्याने मान हलवली. "असं न्हवं, मॅडम. अण्णानं पयला केलता तसा डोंगर करा."

मी केला. तो खुर्चीच्या कडेला टेकून कितीतरी वेळ बघत राहिला. बरं केलं ना त्यांनी तो सपाट, असं मी काहीतरी समजुतीचं बोलले.

"व्हय," तो म्हणाला. "पर तवा भांडायला तरी अण्णा व्हता."