एकशे अठरावं टोकन

माझ्या ताईला संस्थेत सगळे टोकनबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. नेत्रतपासणीचं शिबिर असो, पुस्तकांची अदलाबदल असो की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नुसतं चहापान, ताई आधी टोकनं कापायला बसते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची, पट्टी लावून, एका मापाची. गेली वीस वर्षं संस्थेचे सगळे कार्यक्रम तीच पार पाडते. हॉल, खुर्च्या, डॉक्टरांच्या तारखा, माईक ऐनवेळी रुसला तर काय, सगळं तिच्या डोक्यात असतं. घरी मात्र गॅसवर दूध उतू जातं.

तिचा एक नियम होता, घरचे शेवटी. कार्यकर्त्यांच्या नातेवाइकांना पुढे घेतलं की लोक बोटं दाखवतात, असं ती म्हणायची. मी शिबिरात नोंदणीची वही सांभाळायचो, तरी माझा चष्मा मी बाहेरच केला. या नियमाचा तिला फार तोरा होता. खरं सांगायचं तर मलाही होता.

आमचे बाबा सुतार. संस्थेची बाकं आणि माझं नोंदणीचं टेबल त्यांनीच करून दिलेलं. सात वर्षांपूर्वी त्यांचे खिळे वाकडे जायला लागले. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप हमखास लवंडायचा आणि आम्ही हसायचो. मी एकदा दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, "पोरगी अख्ख्या गावाचे डोळे तपासून घेते आणि मी बाहेर दाखवू? हसतील लोक."

त्या वर्षी डॉक्टरांनी एकशे वीस माणसं तपासायचं कबूल केलं होतं. बाबा घरी काही न बोलता आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि चांगले दीड तास रांगेत उभे राहिले. त्यांना एकशे अठरावं टोकन मिळालं. मी म्हटलं, "बाबा, इकडे बसा, मी बघतो." त्यांनी ताईकडे नजर टाकली आणि ओठांवर बोट ठेवलं.

साडेचारला एक ट्रकवाला धापा टाकत आला. टोकनं संपली होती. "उद्या लांबच्या फेरीवर निघायचंय हो, ताई," तो म्हणाला. "महिनाभर परत येणार नाही. रात्रीचे समोरचे दिवे नुसते फुटल्यासारखे दिसतात." ताईने हॉलभर पाहिलं. बाकावर तीनच माणसं उरली होती, दोन परकी आणि एक आपलं. ती सरळ बाबांपाशी गेली. "बाबा, तुम्ही घरचेच. पुढच्या खेपेला पहिले तुम्ही."

बाबांनी टोकन दिलं. मुठीत चुरगळलं होतं, ते आधी मांडीवर सरळ केलं, मग दिलं. मी वहीतलं त्यांचं नाव खोडून ट्रकवाल्याचं लिहिलं. एक शब्द बोललो असतो तर डॉक्टर दहा मिनिटं जास्त थांबलेही असते. मी मूग गिळून बसलो.

ट्रकवाल्याला काचबिंदूची सुरुवात निघाली. थेंब सुरू झाले आणि त्याची नजर वाचली. पुढचं शिबिर दहा महिन्यांनी झालं. बाबांना खरंच पहिलं टोकन मिळालं. त्यांनाही काचबिंदूच होता, पण डावा डोळा गेला होता आणि उजव्यात थोडंसं उरलं होतं. तेही दोन वर्षांत गेलं. "मागच्या शिबिराला का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, "जमलं नाही."

ताईने नियम मोडला. आता कार्यकर्त्यांच्या आईवडिलांना सगळ्यात आधी तपासतात. मी एकदा रागाच्या भरात तिला म्हणालो, "आता कुणासाठी करतेस हे?" तेही बोलायला नको होतं. गेलेलं परत येत नाही, हे तिला माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

तो ट्रकवाला दर शिबिराला आभार मानायला येतो आणि ताई दर वेळी काहीतरी काम काढून आत जाते. यंदा ती सापडली. बाबा माझ्या टेबलाशेजारीच बसले होते.

"ताईंनी त्या दिवशी कुणाचं तरी टोकन मला दिलं," तिच्यासमोरच तो मला सांगत होता. "कुणी म्हातारे होते. त्यांना एकदा भेटायचं होतं."

बाबाच म्हणाले, "तुम्हाला दिसतं ना आता नीट?"

"हो, बाबा. अजून गाडी चालवतो."

"मग झालं तर."

तो गेला. ताई बाबांच्या पायाशी जमिनीवरच बसली, भर हॉलमध्ये, लोकांसमोर. "बाबा, मी चुकले," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा.

बाबांचा हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला. "तू एकटीच नाही चुकलीस गं. डाव्या डोळ्याने दिसत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू कामात होतीस," बाबा म्हणाले.