दोन बोरखेडे

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, खत-बियाण्यांच्या एका दुकानावर खोली आहे. तिथे नागेश वाव्हळे अधूनमधून रविवारी कोडिंगचे शिबिर भरवतो. एरवी तो एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. वेबवरची माहिती माणसाने वाचण्यापुरती न राहता यंत्रालाही तिचा अर्थ लागावा, ‘हे गाव’, ‘ही नदी’, ‘हे गाव या नदीकाठी’ असे संबंध जोडून ठेवावेत, यासाठी झटणाऱ्या राज्यभरच्या एका स्वयंसेवी गटाची परभणीची बाजू तो सांभाळतो. ‘बाजू’ हा शब्द जरा मोठा आहे. परभणीत तो एकटाच आहे.

शिबिरात भाषण नसते. आल्याबरोबर लॅपटॉप उघडायचा आणि आधी स्वतःचे गाव जोडायचे. पद्धत त्याचीच. आपल्या गावाचे नाव पडद्यावर नदीला जोडले गेले की मुले खुर्ची पुढे ओढतात, हे त्याने पाहिले होते. तीच मुले पुढच्या खेपेला येत नाहीत, हेही पाहिले होते. पूर्वी त्याचे वाईट वाटे, नंतर वाटेनासे झाले. या वर्षी एक तरी माणूस टिकला नाही तर परभणीचा गट नांदेडमध्ये विलीन करू, असे पुण्याच्या गटप्रमुखांनी फोनवर कळवले, तेव्हा तो ‘बरं’ म्हणाला आणि कप विसळू लागला.

त्या रविवारी झरी गावची भक्ती आली. ती एका दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर लिहिते. सोबत तिचा मावसभाऊ शिवशंकर होता.

“ताईला कोड दिसला की जेवायचं ध्यानात राहात न्हाई, सर,” तो म्हणाला. “मला राहतंय. काही हाय का?”

“पोहे आहेत.”

“मग मीबी डेव्हलपर.”

भक्तीने स्वतःचे गाव जोडले आणि ती तिथे थांबली नाही. गावांची एक जुनी यादी आणि आजचा नकाशा समोर ठेवून तिने छोटा प्रोग्राम लिहिला: नाव, तालुका आणि नदी जुळली तर दोन्ही नोंदी एकाच गावाच्या समजायच्या. एका फेरीत कितीतरी गावे जुळली. शिबिरातले सगळे तिच्यामागे येऊन उभे राहिले. एवढे काम एकट्या नागेशच्या हातून वर्षभरात झाले नव्हते.

जुळलेल्या नावांत बोरखेडा होते, नागेशचे गाव. जुने बोरखेडा येलदरी धरणाच्या पाण्याखाली आहे. माणसे उठवून वर माळावर वसवली, त्या वस्तीचे नावही बोरखेडाच ठेवले. नागेशचा जन्म माळावरचा. यंत्राच्या लेखी आता ही दोन गावे एक झाली होती. मागच्या वर्षी बालाजी नावाच्या एका हुशार मुलाची अशीच चुकीची जोडणी त्याने सर्वांदेखत रद्द केली होती. बालाजी पुन्हा आला नाही.

नागेशचे बोट जोडणी रद्द करण्याच्या बटणाशी गेले. त्याने ते मागे घेतले.

“छान झालं,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने आईला, सरजाबाईंना, सांगितले, “जुनं गाव नव्यात मिसळलं, माय. कम्प्युटरात.”

“मिसळू दे,” भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. “आपुनबी मिसळलोच की.”

त्याने ताट ओढून घेतले. काही वाटायला हवे होते, असे त्याला वाटले; तेवढेच.

पुढच्या शिबिराला कोणीच आले नाही. तो खोली बंद करत असताना भक्ती जिना चढून आली.

“सर, नकाशावर बोरखेड्याची शाळा धरणाच्या पाण्यात दिसायलीय.”

“हो.”

“आठवडाभर मी प्रोग्राम तपासायलेय. तुमचंच गाव ना ते? तुमाला दिसलं नव्हतं?”

“त्याच दिवशी दिसलं.”

“मग बोललात का न्हाई?”

“बोललो असतो तर तू आली नसतीस.”

“म्हणजे माझं चुकलेलं तसंच ठेवून मला टिकवायचं होतं,” ती म्हणाली. “आमच्या केंद्रावर खराब दूध परत पाठवतेत, सर.”

त्याने कुलूप काढले. तिने लॅपटॉप उघडला, दोन्ही बोरखेडे वेगळे केले आणि त्यांच्यामध्ये नवा संबंध लिहिला: हे गाव त्या गावाऐवजी वसले. मग प्रोग्राममध्ये एक अट घातली. कोणतीही जोडणी दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय पक्की व्हायची नाही. दुसरा माणूस म्हणून तिने नागेशचे नाव टाकले.

“आता बघा. छान म्हणायचं न्हाई, नुसतं बघायचं.”

तो एकेक गाव पाहू लागला. खालून खताचा उग्र वास येत होता. आनंद असा काही झाला नाही. पालमजवळच्या एका गावापाशी तो थांबला.

“हे चुकलंय.”

“कसं काय?” असे म्हणत भक्तीने खुर्ची पुढे ओढली.