सुलभाताईंची उभी सभा

आमच्या ऑफिसात कुणालाच स्वतःची खुर्ची नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधी तुम्ही ज्या संगणकावर बसला होतात, तिथे सुट्टीनंतर दुसरंच कुणी बसलेलं असायचं. एखादा चिकटून राहिलाच, तर सुलभाताई त्याच्या खुर्चीची पाठ हलवत म्हणायच्या, "उठ रे मेल्या, मुळं फुटतील!" पहिल्या दिवशी मी टेबलावर गणपतीचा छोटा फोटो लावला होता. संध्याकाळपर्यंत तो समोरच्या भिंतीवर गेला होता, सगळ्यांना दिसेल असा. बाई विक्षिप्त आहे, असं मी घरी जाऊन सांगितलं, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

दोन हजार तीनच्या आसपासची ही गोष्ट. रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही सात जण सॉफ्टवेअर लिहायचो. ऑफिस ताईंचंच. मुंबईतली संगणक विभागातली चांगली नोकरी सोडून त्या आजारी आईसाठी गावी परतल्या होत्या. मुंबईत एकदा, सगळं एकट्यालाच ठाऊक असलेला एक माणूस कावीळ होऊन घरी पडला आणि अख्खा विभाग माशा मारत बसला. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. आमच्याकडे एका संगणकावर दोघं बसायचे. एक लिहायचा, दुसरा बघायचा. "डोकं तुझं असेल, काम सगळ्यांचं आहे," हे त्यांचं रोजचं पालुपद.

शिवाय रोज सकाळी उभ्याने सभा. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि काय अडलंय. या सगळ्या पद्धतीला एजाइल म्हणतात, हे ताईंनी इंटरनेटवरची पानं छापून आणून आम्हाला समजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी आम्ही घडाघडा सांगायचो. तिसरीला सातही जणांचं उत्तर एकच असायचं, "काही नाही." ताई वैतागायच्या. "अडलंय म्हणायला काय जीभ झडते तुमची? भीड भिकेची बहीण!" पण ती पानं लिहिणाऱ्यांनी कोकण कुठे पाहिलं होतं? आपल्याकडे माणसाला तोंडावर 'तुझं चुकलं' म्हणत नाहीत. घरी जातात, पडवीत बसतात आणि मग सावकाश त्याची उणीदुणी काढतात.

आमच्यात सगळ्यांत हुशार होता सावर्ड्याचा प्रसाद, आणि सगळ्यांत अबोल पूर्णगडची नसीमा. शहरातल्या एका खासगी इस्पितळाचं मोठं काम आमच्याकडे होतं. आमची चूल त्याच्यावरच पेटायची. तिथल्या डॉक्टरांची तक्रार होती की एकाच रुग्णाच्या चार-चार नोंदी होतात. प्रसादने तोडगा काढला: नाव, आडनाव आणि गाव एकच असेल तर नोंदी आपोआप एक व्हायच्या. शेजारी नसीमा बसली होती. तिच्या मोहल्ल्यात एकाच आडनावाचे तीन अब्दुल गनी होते. तिला हे तिथल्या तिथे खटकलं. ती काही बोलली नाही. ताईंनी शहरातल्या नावांवर काम तपासलं, ते चाललं, आणि आम्ही ते इस्पितळाला देऊन टाकलं.

पुढे एक अब्दुल गनी इस्पितळात आले. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हात कसा आहे आता?" ते म्हणाले, "माझा हात कधी मोडला?"

हात मोडला होता तो दुसऱ्याचा, नसीमाच्या मोहल्ल्यातल्या गनीचाचांचा. ते बोटीवर खलाशी होते. त्याआधी साध्या खोकल्यासाठी इस्पितळात गेले, आणि पहिल्या गनींची साखर, म्हणजे मधुमेह, यांच्या नावावर चढलेली असल्याने साखरेच्या गोळ्या घेऊन परतले. निरोगी माणसाला त्या गोळ्या. भर समुद्रात साखर उतरली आणि चक्कर येऊन ते फळीवर आपटले. हात जुळला, पण बोटीचा तांडेल म्हणाला, साखरेचा माणूस मी पाण्यावर नेणार नाही. इस्पितळाने घोटाळा उमगल्यावर पहिल्या गनींचे उपचार सुरू केले आणि चाचांच्या गोळ्या गुपचूप थांबवल्या. 'साखर आटोक्यात आली' एवढंच त्यांना सांगितलं. आणि ताईंना बोलावून बजावलं: चूक दुरुस्त करा, विषय संपवा. बाहेर गेलं तर तुमचं काम थांबलं समजा.

ताईंनी हे सगळं आम्हाला सांगितलं. कुणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. "कुणाला दिसलं होतं?" असं विचारलं.

"मला," नसीमा म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" प्रसाद उसळला.

"तुम्ही लिहीत होता ना," ती म्हणाली.

त्या दिवशी चूक दुरुस्त झाली. विषय मात्र तसाच राहिला, कारण ताई गप्प राहिल्या. सात घरांचा प्रश्न होता. त्या कुणाची खुर्ची हलवेनात, कुणावर ओरडेनात. आम्हालाही ते सोयीचं होतं. खरं सांगायचं तर मला ताईंची त्या दिवसांत भीतीच वाटायची.

मग एका सकाळच्या सभेत नसीमाची पाळी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "काल काही केलं नाही. आज काही करणार नाही. अडलंय."

"काय अडलंय गो?"

"गनीचाचा ओटीवर बसून आहेत, ताई. बोटी रोज त्यांच्यासमोरून जातात. त्यांना वाटतं, त्यांनाच काहीतरी झालंय."

प्रसादने मान फिरवली. ताईंनी हातातले कागद ठेवले, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चल." मीही त्यांच्या मागे निघालो.

पूर्णगडला चाचांच्या ओटीवर ताईंनी सगळं सांगितलं, उभ्यानेच. चाचांना आधी काही कळेना.

"म्हंजे मना साखर नाय?"

"नाही चाचा. कधीच नव्हती. आमच्या कामात चूक झाली."

"अख्खा मोसम भात नाय खाल्ला मी," चाचा म्हणाले आणि जुळलेला हात चोळत राहिले. त्यांच्या बायकोने मात्र नसीमाला धरलं. "तुला ठाऊक होता गो? रोज दारातनं जायचीस तू!" नसीमा रडली. ताईंनी तिला पाठीशी घातलं नाही. मला तेव्हा ते फार कठोर वाटलं. मग चाचा म्हणाले, "हे तांडेलासमोर बोला. माझा कोण ऐकतो?" ताई धक्क्यावर गेल्या आणि चार-सहा खलाशांच्या देखत तेच सगळं पुन्हा बोलल्या. दोन दिवसांनी चाचा बोटीवर चढले.

गोष्ट गावभर झाली. इस्पितळाने काम काढून घेतलं, दुसरं कुणी द्यायला तयार होईना, आणि ऑफिसला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी प्रसाद सगळ्यांसमोर म्हणाला, "एका माणसाची नोकरी वाचवायला सात जणांची घालवलीत." ताई म्हणाल्या, "खरं आहे." बस, एवढंच.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बरोबर होतं की प्रसादचं, यावर माझं अजून मनाशी भांडण चालतं. पण कुलूप लागल्यानंतरच्या रविवारी त्या न कळवता आमच्या घरी आल्या, ते मी विसरणार नाही. बाबा आठवडाभर त्यांच्या नावाने खडे फोडत होते. ताई त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाची नोकरी माझ्यामुळे गेली. त्याची काही चूक नाही. हे मी स्वतः येऊन सांगायला हवं, म्हणून आले."

बाबा आत वळून आईला म्हणाले, "अगं, चहा ठेव."

"ठेवा," ताई म्हणाल्या. "इथून सावर्ड्याला जायचंय, प्रसादच्या घरी. तिथे काही चहा मिळेलसं वाटत नाही."

आणि बशीत ओतून त्या सावकाश चहा प्यायल्या.