प्रयागबाईनं मोडीत घातलेलं अस्वल

"हातात घेतल्याबिगर मी काय सांगायची न्हाय," असं प्रयागबाई म्हणायची. कन्हेरी गावात हे बोलणं सगळ्यांच्या कानावरचं होतं. वांगं असो, कोथिंबिरीची जुडी असो, नाहीतर शेजारणीनं आणलेलं नवं पातेलं असो, ती आधी हातात घ्यायची, अंगठ्यानं दाबायची, वजन तोलायची आणि मग तोंड उघडायची. बारामतीच्या मंडईत व्यापारी तिच्या पाटीला हात लावायच्या आधी तिच्या तोंडाकडं बघायचे. सारजा लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं तिचा हातसुद्धा असाच हातात घेऊन बघितला होता. "कामाचा हाय," एवढंच म्हणाली होती. सारजाला त्या दिवशी राग आला होता. पुढं नऊ वर्षांत तो राग कधी मुरला ते तिला कळलंही नाही.

दिवाळीनंतर सारजाच्या छकुलीचा डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. पोर सात वर्षांची. तळवा फाटला, अंगठ्याच्या शिरा तुटल्या. बारामतीच्या दवाखान्यात त्या जोडल्या, टाके घातले, टाके काढले. मग व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी सारजाला समोर बसवून सांगितलं, "जखम भरली म्हणजे झालं असं नाही. आता आतून कातडी आवळत जाणार. हे तीन महिने अंगठा रोज हलला पाहिजे. नाहीतर तो आहे तसाच आखडेल आणि मुठीत काही धरता येणार नाही."

अंगठा हलवायचा म्हणजे पोर गुरासारखी ओरडायची. सारजा धरायची, प्रयागबाई वाकवायची आणि छकुलीचा बाप लखन अंगणात जाऊन उभा राहायचा. शेवटी लखननंच वाट काढली. स्टँडजवळच्या दीपकच्या मोबाईलच्या दुकानातून त्यानं हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आणला. टीव्हीवर लागणाऱ्या गब्दूल अस्वलाच्या सिनेमावरून काढलेला. डाव्या अंगाला अधिकच्या खुणेसारखं बटण, त्यावर डावा अंगठा. पुढं, मागं, वर, खाली, अस्वल चालायचं ते त्या अंगठ्यावर. मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, "उत्तम. हाच खेळू दे."

छकुली खेळायची आणि कण्हायची. दात आवळून अस्वलाला पोळ्यापर्यंत न्यायची. महिन्याभरात अंगठा मोजायची मॅडमची पट्टी दोन बोटं पुढं सरकली.

आणि मग प्रयागबाईच्या हातून ते झालं.

गेमची बॅटरी टिकेना म्हणून बाजारच्या दिवशी ती तो दीपककडं घेऊन गेली. काचेच्या कपाटात दुसरा गेम होता. वहीसारखा मिटणारा, दोन पडद्यांचा, सोबत बारीक पेन. खोक्यावर तेच गब्दूल अस्वल.

"आजी, गेम तोच," दीपक म्हणाला. "ह्यात फक्त रंग लई झ्याक."

तांब्याचा जुना हंडा मोडीत घालून नवा घ्यायचा हे प्रयागबाईनं आयुष्यभर केलं होतं. हंडा नवा आला म्हणून पाणी वेगळं लागत नाही. तिनं जुना गेम मोडीत घातला, वरचे पैसे दिले आणि हसत घरी आली. जन्मात पहिल्यांदा तिनं एक वस्तू नुसती खोक्यावरचं चित्र बघून घेतली. का, तर नात खूश व्हावी.

नात खूश झाली. तिचं कण्हणं थांबलं. घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना ते बरं वाटलं, सारजालासुद्धा.

तीन आठवडे मॅडम गावाला गेल्या होत्या. आल्यावर त्यांनी पट्टी लावली, परत लावली. "अंगठा इथपर्यंत येत होता. काय झालं? खेळत नाही का ती?"

"सारखी खेळती की," सारजा म्हणाली.

घरी आल्यावर प्रयागबाईनं गेम मागितला. दुपारभर ती ओट्यावर मांडी घालून खेळत बसली. पेन टेकवेल तिकडं अस्वल चालत गेलं, पोळ्यावर टेकवलं तर पोळं काढलं, नदीवर टेकवलं तर पोहलं. सगळं उजव्या हातानं. डावा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"सारजे," ती म्हणाली. "हे अस्वल दुसरं हाय."

सारजानं तिच्याकडं बघितलं नाही. बोलली असती तर नऊ वर्षांचं सगळंच बाहेर आलं असतं. मॅडमनी सांगितलेल्या तीन महिन्यांतले दिवस उरले होते अठरा.

दीपकनं जुना गेम कधीच विकला होता. इंदापूरच्या शिवणकाम करणाऱ्या रेश्मानं लेकीसाठी नेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सासू, सून आणि छकुली इंदापूरला उतरल्या.

रेश्मानं मशीन न थांबवता ऐकलं. "आजी, मोडीत घातलेलं कुणी परत मागतं व्हय?"

"न्हाय मागत. मी मागतीय. ह्यो नवा घे, वर काय पायजे ते घे."

"मला काय करायचाय? ज्याचा खेळ त्याला विचारा. संस्कृते, ये बाहेर!"

संस्कृती दहा वर्षांची, दोन वेण्या, तोंडात चिंच. तिनं नवा गेम घेतला, पाच मिनिटं खेळली आणि पारखी बाईसारखी मान हलवली. "ह्यात अस्वलाचा केस न् केस दिसतोय. गाणंबी चांगलंय. माझ्यातलं अस्वल ठोकळ्यासारखं हाय."

"मग घे की बाई," सारजा घाईनं म्हणाली.

"पण हे फुकटचं चालतंय ना. पेन लावला की गेलं. पडत न्हाय, बुडत न्हाय. ह्यात काय मजा? माझ्यात उडी चुकली की मेलं. आन् माझ्यात बर्फाचा डोंगर हाय, ह्यात न्हाईच. मी डोंगरावर पोचलीय." तिनं जुना गेम छातीशी धरला. "मी न्हाय देणार."

"मी काय हिसकावून द्यायची न्हाय," रेश्मानं दोरा दातानं तोडला. "तिनं शाळेतल्या बक्षिसाच्या पैशातनं घेतलाय."

प्रयागबाई उठली आणि त्या पोरीसमोर खाली जमिनीवर बसली. मंडईत कुणापुढं आवाज खाली न केलेली बाई. सारजाला वाटलं, बघू नये. पण तिनं बघितलं.

"ह्या आजीनं चूक केली," प्रयागबाई म्हणाली. "हिचा हात गोठत चाललाय. ते बटण दाबून दाबून मोकळा हुईत हुता. मीच बंद पाडला. तुझ्या पाया पडते, बाय."

संस्कृती मागं सरकली. मग तिनं छकुलीचा हात बघितला, तळव्यावरचा जाड गुलाबी वण बघितला. गेम चालू करून तिनं तो छकुलीच्या दोन्ही हातांत ठेवला. "ह्यो माझा डोंगर. पुढं दाब आन् उडी मार."

छकुलीनं अंगठा बटणावर नेला. अंगठा बटणावर टेकला आणि तिथंच राहिला. तिनं खांदा उचलला, कोपर वळवलं, ओठ चावला. अस्वल कड्यावर उभंच होतं. वरून बर्फ आला आणि ते खाली गेलं. पुन्हा उभं राहिलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा गेलं.

"येत न्हाय गं आज्जे," छकुली म्हणाली. रडली नाही. गेम मशीनवरच्या कापडावर ठेवून दिला.

मशीन थांबलं होतं. संस्कृतीनं चिंचेची बी मुठीत थुंकली. "तुमी न्या," ती पुटपुटली. "पण माझा डोंगर पुसू नका."

प्रयागबाईनं गेमकडं बघितलंच नाही. तिनं छकुलीचा अंगठा आपल्या मुठीत धरला, हळूच दाबून बघितला, परत दाबला. सारजा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. सासू काहीतरी सांगेल. वांग्याचं सांगते, पातेल्याचं सांगते, तसं याचंही सांगेल. प्रयागबाईनं अंगठा सोडला.

मग तिनं नातीला कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, साठी ओलांडलेली बाई. "मॅडम पाच वाजंपातूर दवाखान्यात असत्यात. मी हिला घिऊन जाते. परत कापायला लागलं तर डाक्टरला कापू द्या म्हणते."

"आत्या, थांबा. मीबी येते."

"तू ऱ्हा. त्या पोरीकडनं डोंगर शिकून घे. घरी हिच्या अंगठ्यावर अंगठा ठिवून तुलाच चढवायचाय. माझ्या हातावर माझाच इस्वास ऱ्हायला न्हाय आता."

पायरी उतरून ती ऊन तापलेल्या रस्त्याला लागली. छकुलीचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. दहा पावलांवर ती थांबली, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पुन्हा चालू लागली. पोरीचा डावा हात आजीच्या पाठीवर उघडा पडला होता. उसाचा एक ट्रॅक्टर मध्ये आला, गेला, आणि ती अजून चालतच होती, जरा वाकलेली, स्टँडच्या दिशेनं.

दारात सारजा उभी होती. तिच्यामागं रेश्मा, आणि रेश्माच्या बाजूला गेम हातात धरून संस्कृती. तिघीही ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.