कुणाची मनाई?

नाइफ हातात घेण्याआधी डॉक्टर ऑपरेशनच्या टेबलापासून एक पाऊल मागे सरत, दोन्ही हात छातीसमोर धरत आणि खोलीला विचारत, "कुणाची मनाई?"

विचारत म्हणजे खरोखर विचारत. उत्तरासाठी थांबत. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकदा बघत, तेही हुद्द्याने खालून वर: आधी हत्यारं हातात देणारा टेक्निशियन मार्कस, मग मी, मग शिकाऊ डॉक्टर, सगळ्यात शेवटी भूल देणाऱ्या बाई. कुणी काही बोललं नाही की पाऊल पुन्हा पुढे. "चला तर."

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या खोलीची नर्स होते. चौदा वर्षं. आमच्या दोघांखेरीज तिथे कुणालाही मराठी येत नव्हतं, पण 'मना', म्हणजे थांबा, हा शब्द सगळ्यांना येत होता. मार्कस त्याचा 'मॅना' करायचा. एकदा त्याने सांगितलं की घरी बायको नवा सोफा घ्यायला निघाली तेव्हा त्याने तिला मॅना म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "घरात चालत नाही तो. मी करून बघितलंय."

पेशंटचं नाव, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, हे सगळं मोठ्याने वाचून खात्री करायचा नियम प्रत्येक हॉस्पिटलात असतो. तो आम्हीही पाळायचो. डॉक्टरांचा प्रश्न त्यानंतर यायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कॉफी रूममध्ये विचारलं, की वाचून झाल्यावर पुन्हा हे कशाला.

"रोममध्ये दहा माणसं होती," ते म्हणाले. माझ्या प्रश्नाचं उत्तर रोमपासून सुरू होईल अशी माझी कल्पना नव्हती. "सामान्य लोकांनी निवडलेली. त्यांच्याकडे सैन्य नाही, खजिना नाही. एकच शब्द. मना. तो उच्चारला की कॉन्सल, म्हणजे सगळ्यात मोठा अधिकारी, थांबायचा, सरदारांची सिनेट थांबायची, सैन्याची भरती थांबायची. कारण सांगायची गरज नाही. आणि या माणसांच्या अंगाला हात लावणाऱ्याची धडगत नाही. सुरुवातीला त्यांना सभागृहातही घेत नव्हते. दाराबाहेर बाकावर बसून आतलं ऐकायचे आणि तिथून म्हणायचे."

"आणि हा अधिकार त्यांना दिला कुणी?"

"दिला कुणी नाही. लढाई तोंडावर आलेली असताना सगळे गरीब शिपाई शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. शिव्या नाहीत, दगडफेक नाही. नुसते बसले. खाली सरदारांना कळेना, आता लढायचं कुणी आणि भाकरी भाजायची कुणी. मग कबूल करावाच लागला."

"टेकडीवर पाण्याची सोय होती का?" मी विचारलं. इतकी माणसं म्हटल्यावर मला आधी तेच सुचलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "हे मला आजवर कुणी विचारलं नाही." दोन आठवड्यांनी ते मुद्दाम माझ्याकडे आले. "पुष्कळ शोधलं. पाण्याचं सापडलं नाही. मला माहीत नाही." सर्जन माणसाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य मी तोवर फारसं ऐकलं नव्हतं.

रोमचे ते भक्त होते असं समजू नका. "सगळा डोलारा गुलामांच्या पाठीवर," असं ते स्पष्ट म्हणत. कुणी अमेरिकन डॉक्टर आपल्या पदव्या सांगायला लागला की हमखास ऐकवत, की रोममध्ये डॉक्टर बहुतेक गुलाम असायचा, नाहीतर सुटका झालेला गुलाम. "तू आणि मी मालकाच्या फोडांना लेप लावत बसलो असतो. आणि फोड बरा झाला नाही तर मार खाल्ला असता."

लढाया ते साखरेच्या पुड्यांवर शिकवत. पांढऱ्या पुड्या म्हणजे रोमन पायदळ, तपकिरी म्हणजे हत्तींसकट आल्प्स ओलांडून आलेल्या आफ्रिकी सेनापतीचं सैन्य. मधली तपकिरी रांग हळूहळू मागे सरते, पांढऱ्या पुड्या जोशात आत घुसतात, आणि दोन्ही बाजूंनी तपकिरी रांगा मिटतात. एकदा ऐन वेढ्याच्या क्षणी भूल देणाऱ्या बाईंनी डावीकडचं घोडदळ उचललं आणि फाडून कॉफीत ओतलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आणि अशा रीतीने रोम वाचलं."

पण शिस्त त्यांनी तिथूनच घेतली होती. रोमन सैन्य दिवसभर चालून थकलं तरी मुक्कामाला पोचल्यावर आधी खंदक खणायचं, आणि छावणी रोज त्याच नकाशाची. आज इथे, उद्या वीस मैलांवर, पण शिपायाचा तंबू त्याच गल्लीत त्याच जागी. अंधारातही चुकायचा नाही. डॉक्टरांच्या ट्रेवर क्लॅम्प, कात्र्या, चिमटे यांच्या जागा तशाच ठरलेल्या होत्या. साधा हर्निया असो की पोटात फुटलेलं आतडं, छावणी तीच. एकदा रक्तस्राव अचानक वाढला आणि सगळ्यांचे डोळे जखमेवर खिळले, तेव्हा मार्कसने न बघता उजवीकडे हात घातला आणि हवा तो क्लॅम्प पुढे केला. पेशंट वाचली. डॉक्टर हातमोजे काढताना एवढंच म्हणाले, "खंदक खणलेला होता."

मार्कस नवीन होता तेव्हाची गोष्ट. नोकरीचा दुसरा आठवडा. पोट शिवायला घेणार तेवढ्यात तो घाबरत म्हणाला, "मॅना." त्याला रक्त टिपायचा एक स्पंज मोजणीत कमी वाटत होता, म्हणजे तो पोटात राहिला असता. सगळं थांबलं. मोजलं, पुन्हा मोजलं, कचऱ्याची पिशवी उलटी केली. स्पंज पूर्ण होते. वीस मिनिटं गेली. पोरगा घामाने निथळला. त्याला वाटलं, गेली नोकरी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेला पेढ्यांचा डबा सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला.

"पण माझी चूक होती," मार्कस म्हणाला.

"म्हणूनच. आज तुला ओरडलो तर खरी वेळ येईल तेव्हा तू गप्प बसशील. हे घे. सावकाश खा, तुपाचे आहेत."

नंतर मला मराठीत म्हणाले, "मना म्हणणाऱ्या त्या दहांपैकी एकाला सिनेटरांनी बाकाचे तुटलेले पाय घेऊन ठार मारलं. शेकडो वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मते रोम त्या दिवशी संपलं, पुढे नुसतं पडत राहिलं. आणि मग सम्राट आला. त्याने काय केलं माहितीये? मना म्हणायचा अधिकार स्वतःकडेच घेतला. कापणारा तोच, थांबवणारा तोच. मग उरलं काय?"

आता तुम्ही मला विचाराल, की असं चौदा वर्षं ऐकलेली बाई वेळ आल्यावर काय करते. सांगते. ती गप्प बसते.

डॉक्टर सत्तरीला टेकले होते. त्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगनंतर कधीतरी त्यांनी टेकडीची गोष्ट एकाच सकाळी दोनदा सांगितली. शिकाऊ डॉक्टरला वाटलं, विनोद आहे. मग एकदा गाडी पार्किंगच्या दोन मजल्यांवर शोधली. मग 'क्लॅम्प' हा शब्द त्यांना आठवेना, त्यांनी नुसता हात पुढे केला आणि बोटं हलवली. मार्कसने क्लॅम्प दिला. पुढच्या वेळी त्याने मागायच्या आधीच दिला. मीही कागद आधीच वाचून ठेवायला लागले, पेशंटचं नाव हळूच त्यांच्या कानावर घालायला लागले. आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आपल्याकडे ज्याला सांभाळून घेणं म्हणतात ते आम्ही करत होतो. घरातल्या मोठ्या माणसाचा तोल गेला तर पडला म्हणायचं नाही, नुसता हात धरायचा. तसा धरला. टेबलावर एक झोपलेला माणूस आहे, त्याचा हात कुणी धरलाय, हे मी मनात येऊ दिलं नाही.

डॉक्टरांचे हात मात्र थरथरत नव्हते. माझी सबब तीच होती.

फेब्रुवारीतली सकाळ. शाळेची बस चालवणारा पन्नाशीतला माणूस, उजव्या बाजूचा हर्निया. मी सगळं मोठ्याने वाचलं. "उजवी बाजू," डॉक्टर म्हणाले, "बरोबर." मार्कसने नाइफ पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुठली बाजू म्हणालीस?"

एक मिनिटही झालं नव्हतं. बाजूवर पेनाची खूण समोर दिसत होती. पण मला त्याहून मोठा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. ते पाऊल मागे गेलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

मार्कसने माझ्याकडे बघितलं. मी मार्कसकडे. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याही असावं: तू म्हण.

"मना," मी म्हटलं.

डॉक्टरांनी नाइफ ट्रेवर ठेवली. तिच्या जागी, छावणीतल्या जागी. हात छातीसमोर धरून एक पाऊल मागे झाले. वाट बघितली.

"पेशंटबद्दल नाही," मी म्हटलं. मराठीत बोलले, कारण तेवढी आब राखणं माझ्या हातात होतं. "तुमच्याबद्दल."

त्या खोलीत ते चौदा वर्षं राजे होते. मला बाहेर काढणं त्यांना एका वाक्याचं काम होतं. नुसतं 'काय मूर्खपणा' म्हटलं असतं तरी मी बहुधा गप्प झाले असते. त्यांनी मला कारण विचारलं नाही. भूल देणाऱ्या बाईंना म्हणाले, "पेशंट स्थिर आहे ना? शेजारच्या खोलीतून माझ्या पार्टनरला बोलवा. हे ऑपरेशन तो करेल." पार्टनर येईपर्यंत पंधरा मिनिटं ते भिंतीपाशी उभे राहिले. तो आल्यावर त्याला केस नीट सांगितली, आणि मग हातमोजे काढले. मी आयुष्यात पुष्कळ धीट माणसं बघितली आहेत. कॅन्सर ऐकून जेवायला काय आहे विचारणारी बघितली आहेत. असं दुसरं बघितलं नाही.

दुपारी कॉफी रूममध्ये ते एकटे होते. समोर साखरेच्या पुड्या, पण रांगा मांडलेल्या नव्हत्या. मी उभीच राहिले.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

"मार्कसलाही माहीत होतं?"

"हो."

त्यांनी समोरच्या पुड्या एका बाजूला सारल्या. मग म्हणाले, "आज थांबवलंस त्याबद्दल मी तुला काय म्हणणार. तो तुझा अधिकार होता. पण तीन महिने? तीन महिने किती पोटं होतात, अगं. तुला मी बोलायला बसवलं होतं त्या बाकावर. गप्प बसायला नाही."

"तुमचा मान..." मी सुरू केलं.

"माझा मान तुझ्या हवाली केला कुणी?" आवाज चढला नाही. "बैस. कॉफी घे."

मला आयुष्यात बोलणी पुष्कळ बसली. ही एकच पूर्णपणे खरी होती. त्या तीन महिन्यांत कुणाला इजा झाली नाही. पुढे त्यांनीच प्रत्येक केस दुसऱ्या सर्जनकडून तपासून घेतली. तो आमचा शहाणपणा नव्हता, नशीब होतं.

संध्याकाळी त्यांनी ऑपरेशन करण्याचा परवाना थांबवावा असं पत्र हॉस्पिटलला स्वतः दिलं. तपासण्या त्यानंतर झाल्या, स्मृतिभ्रंशाचं निदान त्यानंतर आलं. त्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पत्रात माझं नाव घालून लिहिलं होतं की या नर्सने मला योग्य वेळी थांबवलं. 'योग्य वेळी' हे त्यांनी खोटं लिहिलं. माझ्या माहितीतलं त्यांचं तेवढं एकच खोटं.

नंतरची पाच वर्षं ते शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घरीच होते. मी महिन्यातून एखादा रविवार जायचे. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायचे, पण ते काही काका झाले नाहीत, डॉक्टरच राहिले. आधी माझं नाव गेलं. मग हॉस्पिटल गेलं. मग रोमही गेलं. साखरेच्या पुड्या समोर ठेवल्या तर ते त्या विचारात पडून खिशात घालायचे. काटे-चमचे मात्र जेवणाआधी रोज मांडायचे, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि काकूंनी एखादा हलवला की परत ठेवायचे. त्यांना जाऊन आता दोन हिवाळे झाले.

त्यांच्या शेवटच्या जानेवारीत काकूंचा दुपारी फोन आला. "लवकर ये गं. किल्ली घेऊन बसलेत, ऐकत नाहीत."

मी पोचले तेव्हा ते दारातच उभे होते. पायजम्यावर जाड कोट, पायांत घरातल्या सपाता, हातात गाडीची किल्ली. दार सताड उघडं आणि बर्फ आत येत होतं.

"डॉक्टर, कुठे निघालात?"

"केस आहे. बाजूला व्हा."

"ऑपरेशन कॅन्सल झालंय."

"कुणी कॅन्सल केलं? पेशंट सकाळपासून उपाशी आहे." त्यांना माझा संताप आला होता, आणि त्यांच्या बाजूने तो अगदी रास्त होता.

काकू मागून म्हणाल्या, "किल्ली घ्यायला गेले तर हात उगारला माझ्यावर. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा." त्या रडत नव्हत्या, पण भिंतीला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी मला खांद्याने सारलं आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. पुढच्या पायऱ्यांवर बर्फाची गोठून काच झालेली होती.

"मना," मी म्हटलं.

ते थांबले. पाय आत घेतला. किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली, नीट, कडेला समांतर. मग दोन्ही हात छातीसमोर धरले आणि एक पाऊल मागे झाले. आधी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. दोघींकडे एकेकदा, सावकाश, आणखी कुणाला काही म्हणायचं आहे का याची वाट बघत.

मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. पण मनाईचं कारण त्यांनी विचारलं नाही.