सिपाही मनाराम

कळव्याच्या जुन्या गावात काळुराम मढवी चालत निघाला की आधी त्याचा पाय ऐकू येतो, मग माणूस दिसतो. उजवा पाय तो टेकवतो कमी आणि ओढतो जास्त. वय त्र्याहत्तर, अंगाने काटक, मिशी अजून पलटणीतल्यासारखी कातरलेली. पण स्वभाव असा की दारात पोस्टमन दिसला तरी याच्या कपाळावर घाम. लढाईत गोळी खाल्लेला गडी कागदाला एवढा कसा भितो, हे त्याच्या बायकोला, शकूला, सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात उमगलेलं नाही. ती म्हणायची, "वाघाला घाबरला नाय नि झेरॉक्सला घाबरतो." काळुराम हसण्यावारी न्यायचा. खरं कारण त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या पंधरा ऑगस्टला गावच्या मंडळाने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. सूत्रसंचालकाने हौसेने प्रत्येकाच्या सर्व्हिस रेकॉर्डमधून दोन ओळी वाचल्या. काळुरामची पाळी आली तेव्हा माइकवरून गावभर ऐकू गेलं, "एकाहत्तरच्या युद्धकाळात अपघाताने पायास दुखापत." अपघाताने! मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं, "ट्रकवरना परला आसल." चारदोन जण हसले. वाईट मनाने हसले असंही नाही, पण हसले. काळुराम शाल घेऊन घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

गोळी लागलेल्या जवानांना सरकार एक पदक देतं. ते काळुरामला कधी आलं नाही आणि त्यानेही कधी मागितलं नाही. "पितळेच्या तुकड्याचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणून तो विषय मोडायचा. लोकांना वाटायचं, काय निरिच्छ माणूस आहे.

पण नात दर्शना त्या दिवशी मंडपात होती. ती डोंबिवलीला एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि चुकीचा रिपोर्ट हा तिच्या दृष्टीने गुन्हाच. "आजा, तुझा रिपोर्ट चुकलाय, आपण तो दुरुस्त करून घ्यायचा," तिने जाहीर केलं. काळुराम नको नको म्हणेपर्यंत तिने मोबाइलवरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलासुद्धा. त्यानंतरचे आठ महिने काळुरामने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. पाकीट आलं की छातीत धडधड, नाही आलं की जास्त धडधड.

शेवटी एका जुन्या फील्ड हॉस्पिटलच्या रजिस्टरची झेरॉक्स आली. सोबत रेकॉर्ड ऑफिसचं पत्र होतं: काळुराम मढवी या नावाची नोंद रजिस्टरमध्ये नाही, सबब जखम युद्धात झाल्याचा पुरावा नाही. दर्शनाने ओळ न् ओळ तपासली. त्याच तारखेला, त्याच पलटणीचा, उजव्या मांडीत गोळी लागलेला एक जवान त्या पानावर होता. नंबरच्या जागी रेघ. नाव, सिपाही मना राम.

"आजा, हा मनाराम कोण रे?" दर्शनाने विचारलं.

काळुरामच्या हातातल्या बशीतला चहा लुंगीवर सांडला. त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

आता हे समजायला आगरी घरात जन्माला यायला हवं. बाकीचं मराठी जग 'मला' म्हणतं, आगरी माणूस 'मना' म्हणतो. पलटणीत काळुराम सगळ्यांबरोबर हिंदी बोलायचा, पण शुद्ध हरपली की माणसाला आईचीच भाषा आठवते. स्ट्रेचरवरचा काळुराम एकच वाक्य घोकत होता आणि त्याचा पहिला शब्द होता 'मना'. वर वाकलेल्या कुणा परमुलखातल्या नर्सिंग शिपायाने विचारलं असणार, नाम क्या है? उत्तर आलं, मना, मना. झालं, लिहिलं मना. नुसतं मना उघडं दिसतं म्हणून पुढे राम जोडला. रामाने कुणाचं काय बिघडतं? पुढे मोठ्या हॉस्पिटलात नाव बरोबर लागलं, पण तिथे गोळीचं कोणी लिहिलं नाही. मनारामला गोळी लागली आणि काळुरामला अपघात झाला.

"मी पानी मागत व्हतू," काळुराम नातीला म्हणाला. "मना पानी, मना पानी."

दर्शनाने टाळीच वाजवली. काळुराम तिच्याकडे न बघता लुंगी पुसत बसला.

ठाण्याच्या ऑफिसात एक निवृत्त सुभेदार माजी सैनिकांचे अर्ज बघायचे. साताऱ्याकडचा मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत पुढे सरकून बसले. "मढवी, हे पटण्यासारखं आहे. मात्र तुमच्या बोलीत 'मला'ला 'मना' म्हणतात, आणि तुम्ही ते पाण्यासाठी म्हणत होतात, हे प्रतिज्ञेवर लिहा. वर तुमच्या समाजातल्या जुन्या, तुम्हाला भरतीच्या आधीपासून ओळखणाऱ्या माणसाची सही आणा. रक्ताचं नातं नको. शुक्रवारी फाइल पुढे पाठवतो."

भरतीच्या आधीपासून ओळखणारं आता उरलंय कोण? दर्शना घरी येईपर्यंत बोटांवर नावं मोजत होती आणि एकदम म्हणाली, "गोदाआजी! वीरपत्नी आहे ती. तिच्या सहीला केवढं वजन!"

मंगळवारी काळुरामला पोटात दुखलं. बुधवारी सांधे धरले. गुरुवारी शकूने कागदाची पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "आता लग्नाला चाललेल्या नवऱ्यासारखा लाजू नको. दोन गल्ल्या तर जायचंय."

दोन गल्ल्याच होत्या. गोदा केणी म्हणजे सखारामची बायको, माहेरही याच गावातलं. सखाराम आणि काळुराम पोरवयात एकाच मिठागरावर राबले, एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले आणि एकाच रात्री त्यांना गोळ्या लागल्या. सखाराम गेला. परत आल्यावर काळुरामने अठरा वर्षांच्या गोदाला सांगितलं होतं, "तो फुडं व्हता. लगेच गेला. त्याना कलला पन नाय." गावानेही तेच धरलं. सरकारने युद्धात कामी आला म्हणून पेन्शन दिली आणि विषय मिटला. काळुराम आयुष्यभर ज्याला भ्याला तो कागद हाच. कुठल्या तरी रजिस्टरात त्याचं ते वाक्य पूर्ण लिहिलेलं असेल आणि एक दिवस ते गोदासमोर वाचलं जाईल, ही धास्ती त्याने त्रेपन्न वर्षं उरावर वागवली. रजिस्टरात पहिलाच शब्द सापडला तेव्हा खरं तर तो सुटला होता. मग गोदाच्या पायरीवरून तो दोनदा मागे का वळला?

गोदा गच्चीवर होती. बारीक कोलंबीसारखा जवळा वाळत घातला होता आणि ती काठी घेऊन कावळे हाकत होती.

"या भावजी. सावलीन बसा," ती म्हणाली.

त्याने कागद पुढे केला. पेन्शनसाठी म्हणून ती अक्षरं शिकली होती आणि एका अंगठ्यावर कधी भागवलं नव्हतं. चष्मा लावून, ओठ हलवत तिने सगळं वाचलं. 'पाण्यासाठी मना, मना असे म्हणत असताना' या ओळीपाशी थांबली.

"तुमाना पानी मागाला तरी मिललं," ती म्हणाली. "त्याना तवरा येल पन नाय मिलला." आणि तिने पेनसाठी हात पुढे केला.

पेन काळुरामच्या खिशात होतं. ते काढून दिलं की झालं होतं. फाइल उद्या गेली असती, पदक आलं असतं, मंडळाने पुन्हा मंडप घातला असता. काळुरामने खिशावर हात ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला.

"सई नको करू वयनी. कागद खोटा हाय."

"म्हंजे?"

"मी पानी नाय मागला. मी बोंबलत व्हतू," तो म्हणाला. "मना सोरून जाव नको, सख्या. मना सोरून जाव नको. ह्योच बोलत व्हतू."

मग थांबणं त्याच्या हातात राहिलं नाही. मागे फिरायचा हुकूम झाला होता. सखाराम बाकीच्यांबरोबर सुखरूप मागे पोचलाही होता. काळुराम मांडी फुटून उघड्यावर पडला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. ते ऐकून सखाराम एकटा परत आला. पट्ट्याला धरून त्याने काळुरामला ओढलं. नाल्याच्या तोंडाशी आल्यावर गोळी त्याच्या पोटात बसली. दोघे नाल्यात पडले. "तो लगेच नाय गेला वयनी. उजारेपावत व्हता. आपली मानसा आली तवा मी बेसुद आनी तो थंड. बघनारा दुसरा कोनीच नव्हता." आपण बोंबललो नसतो तर तो आज इथं बसला असता, हेही त्याने सांगून टाकलं आणि खाली मान घालून वाट बघत राहिला. शिव्या येतील, काठी येईल, काही तरी येईल.

कावळे जवळ्यावर उतरले. गोदाने हाकलले नाहीत.

"उजारेपावत," ती म्हणाली. "मंग काय बोलला?"

काळुरामने वर पाहिलं. हा प्रश्न येईल असं त्याने त्रेपन्न वर्षांत एकदाही धरलं नव्हतं.

सखाराम शेवटच्या रजेवर आला होता तेव्हा तार आली आणि रजा चार दिवस आधीच तुटली. गोदा रुसली. निघायच्या सकाळी सगळं घर ओट्यावर उभं होतं, ही तेवढी दाराशी आली नाही. पुढे तो गेल्याची तार आली तेव्हा सासूने पहिलं वाक्य तेच उच्चारलं, की नवऱ्याला निरोप द्यायलाही तू दाराशी आली नाहीस. सासू मरेपर्यंत ते ऐकवत राहिली, आणि ती मेल्यावर गोदा स्वतःला ऐकवत राहिली.

"तो बोलला," काळुराम म्हणाला, "गोदा दाराशी नाय आली, पन खिरकीन व्हती. मी बघतला. तिना सांग, मी बघतला."

गोदाने चष्मा काढला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काळुरामला अरेतुरे केलं.

"तू बोंबललास त्याचा मना राग नाय. मरताना कोन नाय बोंबलत? पन माज्या मानसाचा बोलना तू त्रेपन वर्सा गिललास. मी हिथं, दोन गल्ल्या पल्याड. रोज दिसत व्हते ना मी तुना? रोज?"

तिने कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"तो माघारी आला तुज्यासाटी, ह्ये सरकारला कोनी सांगतला?"

"कोनी नाय."

"मंग आदी त्याचा लिव. मंग तुज्या कागदावर सई."

काळुराम चाचरत म्हणाला की शौर्याच्या पदकाची मुदत कधीच संपली, सुभेदार म्हणतील आता काही होत नाही. शिवाय मी आधी पाणी म्हणालो नि आता हे म्हणतोय म्हटल्यावर माझीही फाइल बुडेल.

"बुडू दे," गोदा म्हणाली. "ते नाय बोलतील तर बोलू दे. तुना लिवाला काय झाला?" आणि तिने काठी उचलली, ती कावळ्यांवर.

संध्याकाळी दर्शना लॅबमधून आली तेव्हा काळुराम टेबलापाशी बसूनच होता. त्याने तिला आणि शकूला समोर बसवून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही गेलं नाही. शकू उठून आत गेली. दर्शनाचे डोळे भरले, पण तिने लॅपटॉप उघडला. सखाराम केणी यांच्या नावाने नवा अर्ज. पलटण, तारीख, ठिकाण, काय घडलं. काळुराम सांगत गेला, ती लिहीत गेली. उद्या शुक्रवार. सुभेदार काय म्हणतील, खोटं बोललात म्हणून उभं तरी करतील का, हे काळुरामने तिला दोनदा विचारलं.

"विलंबाचं कारण, असा एक रकाना आहे," दर्शना म्हणाली. "अज्ञान लिहू? सगळे तेच लिहितात आजा. कोणी काही विचारत नाही."

"नको," काळुराम म्हणाला. "लिव, बघनारा एकच मानूस व्हता. तो जित्ता व्हता नि त्यानी सांगतला नाय."

दर्शनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि जसं सांगितलं तसंच टाइप केलं.